जेवणानंतर

बार्शीच्या काकांना पहिली सात-आठ वर्षं मी फक्त आकड्यावरून ओळखत होते. ०.८, कधी ०.७, एकदा १.१, पुन्हा ०.८. चेहरा ठाऊक नाही, आवाज ठाऊक नाही. आमच्या लॅबमध्ये पेशंट येत नाही, त्याच्या रक्ताची जांभळ्या टोपणाची नळी येते. पण वर्षानुवर्षं एकाच नावाच्या नळ्या हाताखालून गेल्या की त्या नावाशी नातं जडतं. काकांची नळी आली की मी मनात म्हणायची, आलं बाई ०.८.

हा आकडा बीसीआर-एबीएलचा. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियात, म्हणजे आम्ही ज्याला दिवसभर सीएमएल म्हणतो त्यात, नऊ आणि बावीस नंबरच्या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांच्या जागी जाऊन चिकटतात. त्यातून उरलेलं आखूड बावीस नंबरचं गुणसूत्र १९६० मध्ये नॉवेल आणि हंगरफोर्ड यांनी फिलाडेल्फियात पाहिलं, म्हणून त्याला त्या शहराचं नाव. ही अदलाबदल आहे हे जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये दाखवलं. जोडावर तयार होणारा जनुक म्हणजे बीसीआर-एबीएल. त्याच्यापासून बनणारं प्रथिन पेशीला अखंड ‘वाढ, वाढ’ सांगत राहतं. आमचं काम त्या जनुकाचा आरएनए रक्तात किती उरलाय ते मोजण्याचं. उपचाराआधीचा आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरलेला पाया शंभर टक्के धरला, तर ०.१ च्या खाली आलं की आम्ही सुस्कारा सोडतो आणि ०.००३२ च्या खाली आलं की एकमेकांना सांगतो. ०.८ हा मधला आकडा. ना मरण, ना सुटका.

आरएनए हा फार नाजूक जिन्नस. घामाच्या थेंबात, बोटाच्या टोकावर, श्वासातल्या तुषारात, सगळीकडे त्याला खाणारी विकरं बसलेली. म्हणून ग्लोव्हज घालून नाक खाजवायचं नाही, पिपेट उघडी टाकायची नाही आणि काम चालू असताना बोलायचंही कमीच. नवीन मुलं सहा महिने तरी आकडे नाही, चिखल काढतात. मीही काढला. नमुना बिघडला की आकडा खोटा चांगला येऊ शकतो, म्हणून सोबत एबीएल हा साधा जनुकही मोजायचा. त्याच्या दहा हजार प्रती तरी सापडल्या नाहीत, तर रिपोर्ट द्यायचाच नाही, नळी परत मागवायची. बार्शीहून किंवा किनवटहून आलेल्या माणसाला ‘पुन्हा रक्त द्या’ सांगायला लागणं हे आमच्या धंद्यातलं सर्वांत वाईट वाक्य.

काका ज्या गोळीवर होते ती इमॅटिनिब. २००१ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेली, त्या विकृत प्रथिनाच्या नेमक्या खाचेत जाऊन बसणारी. सीएमएल पाश्चात्त्य देशांत साठीच्या आसपासचा आजार, आपल्याकडे पुष्कळदा तिशी-चाळिशीतल्या कमावत्या माणसांचा. तेव्हा या गोळीनं किती घरं उभी ठेवली याचा हिशेब लागायचा नाही. मूळ कंपनीच्या औषधाला महिन्याला लाखाच्या वर आणि भारतीय कंपन्यांच्या त्याच औषधाला आठ-दहा हजार, हा फरक होता तो काळ मी पाहिलाय. १ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं पेटंटचा दावा फेटाळला, त्या दिवशी ओपीडीतल्या नातेवाइकांना पेटंट कायद्यातलं कलम ३ (ड) म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण गोळी महागणार नाही एवढं सगळ्यांना कळलं होतं.

काकांना २००८ मध्ये रोग निघाला. एसटीत ड्रायव्हर होते, नंतर निवृत्त. पहिल्या वर्षात आकडा छान खाली आला आणि मग ०.८ वर येऊन जो बसला तो बसला. त्यामुळे शंका आली रेझिस्टन्सची. औषध दाद देईनासं झालं, असं आपण म्हणतो खरं, पण दाद देत नाही ती पेशी. जनुकात एखादं अक्षर बदललं की ती खाच अरुंद होते आणि गोळी बसत नाही. यातलं सर्वांत बदनाम म्युटेशन टी३१५आय. दोनदा त्यांची म्युटेशन तपासणी केली. काही निघालं नाही. दुसऱ्या फळीची औषधं महाग. रोग उसळत नव्हता, उतरतही नव्हता. मागणीपत्रावर डॉक्टरांच्या अक्षरात दर वेळी तेच: ‘इमॅ ४०० सुरू, सबऑप्टिमल, ? रेझि.’ ते प्रश्नचिन्ह मी कितीतरी वर्षं वाचलं आणि पुढे सरकवलं.

२०१५ च्या ऑगस्टमध्ये त्यांची नळी आली आणि आकडा निघाला ०.२१.

मी तपासणी पुन्हा लावली. ०.१९. एबीएल भरपूर, नमुना ठणठणीत. मग मागणीपत्र नीट पाहिलं. तिथे एक नवी ओळ होती: मार्चपासून मधुमेह, गावच्या डॉक्टरांची तीन औषधांची एकत्र गोळी सुरू. ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि पायोग्लिटाझोन. आपल्याकडे ही त्रिकूट गोळी नवलाची नाही. मीही त्या दिवशी त्यात काही पाहिलं नाही.

पुढच्याच महिन्यात ‘नेचर’मध्ये फ्रान्सच्या प्रोस्त, लबुल्श, रुसेलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला. मी तो जेवणाच्या सुट्टीत वाचायला घेतला आणि डबा तसाच राहिला.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. इमॅटिनिब मारते ती विभागणाऱ्या पेशींना. पण रोगाच्या मुळाशी असलेल्या काही मूळपेशी विभागतच नाहीत, गाढ झोपलेल्या असतात. त्यांना गोळी शिवत नाही. गोळी बंद केली की त्या उठतात. २०१० मध्ये छापलेल्या अभ्यासासाठी फ्रान्समध्येच माहों यांच्या गटानं शंभर पेशंटांची इमॅटिनिब थांबवून पाहिली होती. दोन वर्षं तरी रोगाचा मागमूस न सापडलेले निवडक पेशंट, तरी निम्म्याहून जास्त जणांत तो परत आला, बहुतेकांच्यात पहिल्या सहा महिन्यांतच. आता प्रोस्त यांच्या गटाला दिसलं, की पायोग्लिटाझोन या झोपेवर पहारा देणारी साखळी तोडतं. मधुमेहात हे औषध पीपीएआर-गॅमा नावाचं एक कळ-बटण दाबतं, त्यामुळे इन्शुलिनला दाद न देणाऱ्या पेशी दाद देऊ लागतात. ल्युकेमियाच्या मूळपेशीत तेच बटण दाबलं की स्टॅट५ कमी होतं आणि त्याच्या हाताखालचे एचआयएफ२-अल्फा आणि सिटेड२ हे झोपेचे राखणदारही उतरतात. पेशी जागी होते. जागी झाली की इमॅटिनिबच्या तावडीत येते. आपल्याकडे म्हणतात, झोपलेल्याला उठवता येतं, सोंग घेतलेल्याला नाही. इथे सोंग नव्हतं, म्हणून उठवता आलं.

पेशी आणि उंदरांबरोबर तीन माणसंही होती. इमॅटिनिब चालू असूनही ज्यांच्यात थोडा रोग शिल्लक राहिला होता अशा तिघांना काही काळ पायोग्लिटाझोन दिलं. तिघांतही रोग मोजमापाखाली गेला आणि पायोग्लिटाझोन बंद केल्यावरही, एकात तर ४.७ वर्षांपर्यंत, तसाच राहिला.

मी जागेवरून उठले आणि काकांची फाइल काढली. मार्चमध्ये पायोग्लिटाझोन. ऑगस्टमध्ये ०.२१. हातांना घाम आला, आरएनएच्या खोलीत असते तर नमुने गेले असते.

त्या औषधाबद्दल मला तोवर कौतुक असायचं काही कारण नव्हतं. मूत्राशयाच्या कॅन्सरच्या शंकेवरून फ्रान्सनं ते जून २०११ मध्ये थांबवलं होतं. म्हणजे ज्या देशानं ते मधुमेहासाठी थांबवलं, तिथलीच माणसं ते ल्युकेमियासाठी तपासत होती. आपल्याकडे जून २०१३ मध्ये आरोग्य मंत्रालयानं बंदी घातली आणि जुलै संपता संपता उठवलीही, खोक्यावर ठळक इशारा छापायच्या अटीवर. माझ्या सासूबाई तेव्हा हीच गोळी घेत होत्या. दीड महिन्यात कोपऱ्यावरच्या केमिस्टनं ती आधी परत मागितली आणि मग पुन्हा विकली. तर अशी ही डागाळलेली, स्वस्त, काही रुपयांची गोळी. आणि तिच्या अंगात हा गुण! मला ही गोष्ट फार आवडली, हे कबूल करते. कुणा मोठ्या कंपनीला जिच्यात रस उरलेला नाही, अशा जुन्या औषधानं कॅन्सरचं मूळ उपटावं, यात आपल्यासारख्या देशातल्या माणसाला सुख वाटणारच. आवडलेली गोष्ट माणूस कमी तपासतो.

डिसेंबरमधल्या विभागाच्या बैठकीत मी काकांचा आलेख दाखवला. बाण काढून. सहकाऱ्यानं लगेच मेटफॉर्मिनचं काढलं. काही ल्युकेमियात पेशी औषधाला आत घेते आणि एबीसीबी१ जनुकाच्या पंपानं परत बाहेर उपसते. मेक्सिकोतले डॉक्टर लिंफोब्लास्टिक ल्युकेमियात हा पंप निकामी करायला मेटफॉर्मिनकडे पाहत होते. (पुढे २०१८ मध्ये त्यांनी १०२ पेशंटांचा अभ्यास छापला. २६ जणांना केमोसोबत मेटफॉर्मिन दिलं होतं, आणि फायदा दिसला तो मुख्यतः पंप जास्त असलेल्यांत.) काकांच्या गोळीत तर दोन्ही होती. आम्ही दोघं भलतेच रंगात आलो.

विभागप्रमुख मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढला. “मार्चपासून त्यांच्यात आणखी काय बदललं?”

“काही नाही मॅडम. इमॅटिनिबचा डोस तोच.”

“डोस आपण लिहिलेला तोच. घेतलेला?”

मला राग आला. काकांची फार्मसीची नोंद चोख होती, दर महिन्याला औषध उचललेलं. तसं मी म्हटलंही. “उचललेलं,” मॅडम म्हणाल्या आणि पुढच्या केसकडे वळल्या.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी काका तपासणीला आले. रक्त घेणाऱ्या मुलाला मी सांगून ठेवलं होतं. खाली गेले तर ते रक्त देऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसलेले. अंगानं किरकोळ, गळ्यात तुळशीची माळ, पापण्या सुजलेल्या. इमॅटिनिबनं पापण्या सुजतात, शेकडो जणांच्या पाहिल्यात. कातडीही उजळते. त्यावर ते स्वतःच म्हणाले, “ड्रायवर असताना काळा ढुस्स होतो, आता सून म्हणती मामा गोरे झाले.” मांडीवर स्टीलचा डबा उघडला होता. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा.

“बसा की ताई. आज एकादशी हाय, पर आमचं बंद केलंय डॉक्टरनं.”

“काय बंद केलंय?”

“उपास. साखरेची गोळी चालू झाल्यापसनं. म्हनला उपाशी ऱ्हायलास तर चक्कर यिऊन पडशील. मग सोडलं. सोमवार सोडला, चतुर्थी सोडली. एकादशी सोडताना लई जड गेलं.” त्यांनी माळेला हात लावला. “आषाढीची तेवढी धरतो, चोरून.”

मी विचारलं, “आणि कॅन्सरची गोळी? ती रोज घेता ना?”

“आता रोज.”

“आता म्हणजे?”

ते माझ्याकडे जरा नवलानं बघायला लागले. मग शेजारच्या पिशवीतून प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेला, घडीवर फाटायला आलेला कागद काढला. “हितं लिव्हलंय की. जेवणानंतर एक गोळी, भरपूर पाण्यासोबत. उपासाला जेवन कुठं असतं? फराळ असतो. जेवन न्हाई तर गोळी न्हाई. उपाशीपोटी घिऊ नका असं खाली ठळक लिव्हलंय. मी एक बी चूक केली न्हाई, ताई.”

तो कागद मला पाठ होता. २००९ मध्ये विभागानं पेशंटांसाठी पत्रक काढलं, तेव्हा मराठी चांगलं म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं होतं. ‘जेवणानंतर’ हा शब्द माझा.

वर येऊन मी कॅलेंडरवर खुणा केल्या. महिन्याला चार सोमवार, दोन एकादशा, एक संकष्टी. सात. तीस दिवसांतल्या तेवीस गोळ्या, सत्याहत्तर टक्के. श्रावणात आणि नवरात्रात त्याहून कमी. शिल्लक गोळ्यांचं काय करत होते? ते नंतर कळलं. खंड पडायला नको म्हणून औषध दर महिन्याला उचलायचं आणि उरलेल्या पट्ट्या धान्याच्या कोठीवरच्या डब्यात. पुढे मुलानं तो डबा आणून दिला, तेव्हा त्यात वर्षाहून जास्त पुरतील एवढ्या गोळ्या होत्या, अर्ध्याअधिक मुदत संपलेल्या.

मग मी जे आधी वाचायला हवं होतं ते वाचलं. लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमध्ये मारिन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये छापलेल्या अभ्यासासाठी ८७ सीएमएल पेशंटांच्या औषधाच्या बाटल्यांना इलेक्ट्रॉनिक झाकणं लावली होती. झाकण कधी उघडलं याची नोंद तीन महिने ठेवली. ज्यांनी ऐंशी टक्के किंवा त्याहून कमी गोळ्या घेतल्या, त्यांच्यात एकाचाही आकडा नीट खाली गेला नव्हता. काका सत्याहत्तरवर. एवढं सरळ.

त्या दिवशीचा रिपोर्ट ०.०४ आला.

मधुमेहाच्या औषधानं काकांचा रेझिस्टन्स मोडला, हे माझं विधान खोटं नव्हतं, पण त्याची वाट स्टॅट५ वरून गेली नव्हती, ताटावरून गेली होती. निदान असं मी महिनाभर मानलं. नंतर तेही सैल झालं. पायोग्लिटाझोननं आत काहीच केलं नाही, असं कशाच्या आधारावर म्हणणार? दोन्ही गोष्टी एकाच मार्चमध्ये सुरू झाल्या. एका माणसात त्यांना वेगळं काढता येत नाही. २०१७ मध्ये फ्रेंच गटानं पुढचा अभ्यास छापला. इमॅटिनिबवर असलेल्या २४ जणांना पायोग्लिटाझोन जोडून दिलं, वर्षभरात ५६ टक्के लोक त्या खोल ०.००३२ च्या पातळीला पोचले. आशा वाढवणारा आकडा आहे. पण चिठ्ठ्या टाकून दोन गट केलेले नव्हते आणि तो वाचताना माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो असा, की अभ्यासात घेतलेला माणूस गोळ्या जास्त नेमानं घेतो की नाही? पूर्वी आला नसता. सीएमएलच्या नेहमीच्या उपचारात पायोग्लिटाझोन अजूनही नाही.

त्याच वर्षी काकांच्या पावलांवर सूज आली. एक औषध पापण्या सुजवतं, दुसरं पाय. गावच्या डॉक्टरांनी पायोग्लिटाझोन बंद केलं, योग्य केलं. आकडा पुढे ०.०३, ०.०२ असाच राहिला. सहकारी म्हणाला, बघ, त्या गोळीचा संबंधच नव्हता. पण फ्रान्समधल्या त्या तिघांतही ती बंद केल्यावर रोग परतला नव्हता. म्हणजे या आकड्यानं कुठलीच बाजू जिंकत नाही. वर आणखी एक गंमत: काकांची साखरही उतरली आणि मधुमेहाच्या औषधाचा डोस कमी करावा लागला. इमॅटिनिबनं काही मधुमेहींची साखर कमी झाल्याच्या नोंदी २००४-०५ पासून आहेत. आता कोण कोणाला मदत करत होतं?

मॅडमनी ते प्रश्नचिन्हवाले पेशंट शोधायला सांगितले. ‘? रेझि.’ लिहिलेल्या एकेचाळीस फायली निघाल्या. त्यातल्या ज्यांना बोलावता आलं त्यांच्याशी मी बोलले. गाठ पडली ती जनुकांशी कमी, माणसांशी जास्त. एकीला दिवस जाण्याची भीती, म्हणून महिन्यातले काही दिवस गोळी बंद. एक मुलगा सासरच्यांपासून लपवून घ्यायचा, पाहुणे आले की खंड. रमजानचे रोजे ठेवणारे एक चाचा मात्र इफ्तारनंतर न चुकता घेत होते. त्यांना तोंडी सांगितलेलं होतं, माझं पत्रक त्यांच्याकडे नव्हतंच. बाकी काही जणांत खरोखर म्युटेशन सापडलं, त्यांची औषधं बदलली.

पत्रक मी नव्यानं लिहिलं. ‘जेवणानंतर किंवा फराळानंतर, उपवासाच्या दिवशीही.’ मसुदा घेऊन खाली गेले, काका तपासणीला आले होते. त्यांनी चष्मा लावून, ओठ हलवत सगळा वाचला.

“फराळाचं घातलंत ते ब्येस झालं,” ते म्हणाले. “पर ताई, आमची मंडळी हरतालिकेला पानी बी घेत न्हाई. तसली कुनी बाई असली तर?”

पत्रक अजून छपाईला गेलं नव्हतं.